स्मरणिकेचं काम: फाइल फिरवायची की सगळ्यांनी एकाच डॉकमध्ये बसायचं?

गेल्या महिन्याभरात तिघांनी मला हाच प्रश्न विचारला. एकाच्या सोसायटीला पंचवीस वर्षं होताहेत, एकीच्या शाळेच्या बॅचला काहीतरी छापील काढायचंय आणि तिसऱ्याला घरातल्या मोठ्यांच्या आठवणी एकत्र करायच्या आहेत. तिघांचं चित्र सारखंच. तीस-चाळीस लेख, लिहिणारे पंचविशीपासून ऐंशीपर्यंतचे, निम्मे नागपुरात आणि बाकीचे पुणे, बंगळूर, अमेरिका असे पांगलेले. मजकूर वर्डच्या फाइलीत घेऊन ग्रुपवर आणि मेलवर फिरवायचा, की गूगल डॉक्समध्ये, म्हणजे नेटवरच्या एकाच सामायिक फाइलीत, लेख उघडून सगळ्यांना तिथेच बोलवायचं?

मी दोन्ही करून पाहिलंय. आमच्या वसाहतीतल्या वाचनालयाची पन्नास वर्षांची स्मरणिका २०१९ मध्ये आम्ही फाइली फिरवून काढली. चार वर्षांनी आठवणींची एक पुरवणी काढली, ती डॉकमध्ये. दोन्ही वेळा माणसं जवळपास तीच होती, छापखानाही तोच. त्यामुळे फरक कशामुळे पडला ते मला बऱ्यापैकी नीट सांगता येईल, असं वाटतं.

आधी फाइलीची बाजू, कारण तिला उगाच नावं ठेवली जातात. वर्डची फाइल सगळ्यांना येते. ती उघडायला नेट लागत नाही, खातं लागत नाही, पासवर्ड आठवावा लागत नाही. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ च्या पुढे जातो, दुपारी कोणी घराबाहेर पडत नाही. अशा वेळी आमच्या समितीतले निवृत्त गुरुजी कूलरसमोर बसून आपल्या वेळेने, आपल्या गतीने फाइल तपासायचे आणि संध्याकाळी परत पाठवायचे. या सवडीची किंमत मोठी आहे. आणखी एक गोष्ट आहे, ती मला डॉकवर गेल्यावर कळली. फाइलीत लिहिताना माणूस एकटा असतो. डॉकमध्ये दुसऱ्याचा कर्सर आपल्या ओळीशेजारी लुकलुकताना दिसला की नवख्या लिहिणाऱ्याचा हात अडखळतो. आमच्याकडच्या एक काकू तर आधी वहीत लिहायच्या, मग फोनच्या नोट्समध्ये उतरवायच्या आणि पूर्ण झाल्यावरच डॉकमध्ये चिकटवायच्या. ‘अर्धवट वाक्य कोणी वाचू नये’ एवढंच त्यांचं म्हणणं होतं, आणि ते मला पटतं.

फाइलींच्या नावांचा घोळ सगळ्यांना ठाऊक आहे. अंतिम, अंतिम २, अंतिम सुधारित, अंतिम खरी. तो त्रासदायक असतो, पण एक शिस्तीचा माणूस नेमला की आवरता येतो. माझा निर्णय त्यावरून झाला नाही. तो एका वाक्यावरून झाला.

स्मरणिकेत आमच्या गल्लीतल्या एका आजींचा लेख होता. माहेर अचलपूरकडचं, वय ऐंशीच्या आसपास. लहानपणी पुस्तक पहिल्यांदा हातात कसं आलं, त्याची आठवण. त्यांनी वहीत लिहिलं, नातवाने टाइप केलं. त्यातलं एक वाक्य असं होतं: ‘बाहेर पाणी येऊन राह्यलं होतं अन् आमी पोट्ट्या वसरीत बसून माह्या भावाचं पुस्तक उलटून राह्यलो होतो.’

स्मरणिका छापून आली तेव्हा ते असं झालं होतं: ‘बाहेर पाऊस पडत होता आणि आम्ही मुली ओसरीत बसून माझ्या भावाचे पुस्तक चाळत होतो.’

प्रकाशनाच्या कार्यक्रमानंतर आजींनी मला बोलावून घेतलं. रागावल्या नाहीत. ‘बाबू, लेख चांगला झाला,’ म्हणाल्या, ‘पण हा माहा नाही.’

घरी येऊन मी सगळ्या फाइली काढून बसलो. लेख पाच हातांतून गेला होता. नातवाच्या फाइलीत मूळ वाक्य होतं, छापखान्याला गेलेल्या फाइलीत बदललेलं. मधल्या तीन फाइलींपैकी एक सापडली नाही आणि उरलेल्या दोन्हींत वाक्य आधीच बदललेलं होतं. बदल कोणी केला ते मला आजही माहीत नाही. ज्याने केला त्याने चांगल्या मनानेच केला असणार. शुद्धलेखन बघायला सांगितलं होतं, त्याने भाषाही ‘शुद्ध’ केली. बदल नोंदवून ठेवायची सोय वर्डमध्ये आहेच, ती कित्येक वर्षांपासून आहे. आमच्यातल्या दोघांनी ती चालू ठेवली होती. पण लाल रेघा डोळ्यांना खुपतात म्हणून पुढच्याने सगळे बदल एकदम मान्य करून ‘स्वच्छ’ फाइल पुढे पाठवली, की मागचा माग पुसलाच. फाइल फिरवण्यात माग ठेवायचा की नाही हे प्रत्येक हात आपापलं ठरवतो. साखळीतला एक जण विसरला की बाकीच्यांची शिस्त वाया जाते.

दुसरीकडच्या कोणाला हे वाक्य फार लहान वाटेल. इथे ते तसं नाही. नागपूर आधी मध्य प्रांत आणि वऱ्हाडची आणि मग १९५६ पर्यंत मध्य प्रदेशची राजधानी होतं. हिंदी आणि मराठी इथे एका अंगणात वाढल्या. ‘करून राहिला’ ही रचना हिंदीच्या शेजारातून आलेली आहे आणि आज इथल्या घराघरांत ती मराठीच आहे. पावसाला ‘पाणी’ म्हणणारी पिढी हळूहळू कमी होतेय. स्मरणिकेत ते शब्द उतरवून घ्यायची संधी आमच्या हातात होती आणि ती आमच्याच हातून गेली.

पुरवणीच्या वेळी म्हणूनच मी डॉकचा हट्ट धरला. त्यातली एकाच वेळी अनेकांनी लिहिण्याची सोय मला तितकी महत्त्वाची वाटत नव्हती. ती कल्पना जुनी आहे. अमेरिकन संगणक संशोधक डग्लस एंगेलबार्ट यांनी डिसेंबर १९६८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत दोन ठिकाणच्या माणसांना एकाच पडद्यावरच्या मजकुरावर काम करताना दाखवलं होतं. १९८९ मध्ये एलिस आणि गिब्ज या संशोधकांनी त्यातली खरी अडचण सोडवायची एक रीत मांडली. मी पाचव्या ओळीत शब्द घालत असताना पुण्याच्या काकांनी दुसरी ओळ खोडली, तर माझी पाचवी ओळ आता चौथी झाली, हे यंत्राला कळायला हवं. गूगलने २००६ मध्ये नेटवर लिहिण्याची ‘रायटली’ ही सोय बनवणारी छोटी कंपनी घेतली, त्यातून डॉक्स आलं. पण स्मरणिकेच्या कामाला ते खऱ्या अर्थाने लायक झालं ते २०१४ मध्ये, ‘सुचवणे’ ही पद्धत आली तेव्हा, असं माझं मत आहे.

यात दुसऱ्याने शब्द बदलला तर मूळ शब्द जात नाही. त्यावर रंगीत रेघ येते, शेजारी नवा शब्द दिसतो आणि समासात सुचवणाऱ्याचं नाव आणि वेळ येते. खाली बरोबर आणि फुलीची खूण. लेखकाने बरोबर दाबलं तर बदल होतो, फुली दाबली तर मूळ राहतं. सगळ्यात कामाची गोष्ट ही, की कोणाला फक्त ‘कॉमेंटर’चा हक्क दिला तर त्याला सुचवण्यापलीकडे काही करताच येत नाही. म्हणजे शिस्त पाळायची की नाही हा प्रश्न तपासणाऱ्यावर सोपवलेलाच नसतो. आणि समजा कोणी काही उडवलंच, तर आधीच्या आवृत्त्या तारखेवार बघता येतात, परत आणता येतात.

पुरवणीत आजींनी पुन्हा लिहिलं, या वेळी सासरच्या दिवसांवर. गुरुजींनी नऊ ठिकाणी बदल सुचवले. एका रविवारी सकाळी मी तिथेच होतो. नातू फोन घेऊन बसला, एकेक सूचना वाचून दाखवू लागला. ऱ्हस्व-दीर्घाच्या चार सूचनांना आजी ‘हो, कर’ म्हणाल्या. मग ‘सांजच्याला’च्या जागी ‘संध्याकाळी’ आलं. आजी थांबल्या. ‘याले काय झालं?’ नातवाने फुली दाबली. आजींनी त्याला खाली लिहायला लावलं, ‘आमच्याकडे असंच म्हणतात.’ दुपारपर्यंत गुरुजींचं उत्तर आलं, ‘मला माहीत नव्हतं. राहू द्या. आणखी असे शब्द असतील तर घाला.’ त्यानंतर आजींनी लेखात दोन परिच्छेद वाढवले. फाइलीच्या साखळीत हे दोघं एकमेकांशी बोललेच नसते, कारण मधल्या प्रत्येकाने फाइल फक्त पुढे ढकलली असती.

डॉकच्या अडचणी मी झाकणार नाही. ज्येष्ठांपैकी सहा जणांची खाती काढण्यात आणि लिंक उघडून दाखवण्यात आमचे दोन रविवार गेले. फोनवर सुचवण्याची सोय तीन टिंबांच्या मागे असते, ती प्रत्येकाला स्वतः दाखवावी लागते. सगळे लेख एकाच डॉकमध्ये भरले तर साध्या फोनवर ते रांगत उघडतं. एका लेखाला एक डॉक आणि सगळे एका फोल्डरमध्ये, हे बरं पडलं. फोटो मात्र डॉकमध्ये चिकटवू नयेत, मूळ फोटो फोल्डरमध्ये वेगळे ठेवावेत. मोफतची १५ जीबी जागा मेल आणि फोटोंसोबत वाटलेली असते, तेवढं ध्यानात असावं. आणखी एक सावधगिरी: फोनला बोलून टाइप केलं की तो बहुधा प्रमाण मराठी लिहितो, ‘आमी’चं ‘आम्ही’ करतो. बोलीतला मजकूर असेल तर बोटांनीच टाइप केलेला बरा.

कोणी विकीचंही सुचवतं. मराठी विकिपीडिया १ मे २००३ पासून आहे आणि तिथे प्रत्येक बदलाचा इतिहास उत्तम जपला जातो. माहितीच्या कामाला मला ती पद्धत फार आवडते. पण तिथे बदल थेट लागू होतो, लेखकाला विचारून नाही. एखाद्या गावाच्या माहितीला ते चालतं. आजींच्या आठवणीला चालणार नाही.

छापखान्याशी गाठ पडते तिथे दोन्ही रस्ते सारखेच खडबडीत आहेत. अनेक छापखान्यांत अजून जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टांवर काम चालतं. त्यात मराठी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेली असतात, म्हणून मजकूर आधी रूपांतरित करावा लागतो. त्यात रफार सरकतो, पहिली वेलांटी भलत्या अक्षराला लागते. सर्वांत जास्त मार खातो तो ‘ऱ्य’ आणि ‘ऱ्ह’ मधला अर्धा र. आमच्या पुरवणीच्या पहिल्या प्रुफात ‘वऱ्हाड’ सगळीकडे ‘वर्हाड’ झालं होतं, रफार थेट ह च्या डोक्यावर. त्यावर उपाय एकच. मजकूर पूर्ण गोठल्यावर एकदाच छापखान्याला द्यायचा आणि तिथून पुढच्या दुरुस्त्या कागदी प्रुफावर, लाल पेनाने. प्रुफ वाचताना ‘ऱ्या’ आणि ‘ऱ्हा’ वेगळे शोधायचे. तपासायला निदान एक जण असा हवा, ज्याने मूळ लेख वाचलेला आहे.

आता विचारणाऱ्यांना काय सांगायचं. सोसायटीचं काम वीस पानांचं असेल, मजकूर बहुतेक हिशेब, अहवाल आणि शुभेच्छांचा असेल आणि संपादक एकच असेल, तर फाइलीच फिरवा. त्यासाठी सहा जणांची खाती काढणं जास्तच होईल. शाळेच्या बॅचला मी डॉक सुचवीन, पण त्यांच्यात फाइल सांभाळणारा शिस्तीचा माणूस असेल तर त्यांचंही अडणार नाही.

घरच्या आठवणी गोळा करणाऱ्याला मात्र मी थोडा आग्रहच करतोय. तुझ्या आत्या आणि मावश्या ज्या भाषेत बोलतात, तीच तुला हवी आहे ना? मग प्रत्येकीचा लेख तिच्या किंवा तिच्या मुलाच्या खात्यावर उघड. बाकी सगळ्यांना, तू संपादक असलास तरी स्वतःलाही, ‘कॉमेंटर’चाच हक्क दे. सूचना वाचून दाखवायला दर रविवारी कोणीतरी त्यांच्याजवळ बसेल, एवढी सोय आधी कर. पहिला लेख घरातल्या सगळ्यात मोठ्या बाईचा घे. तिचं लिहून झालं की त्यातले शब्द बघून बाकीच्यांनाही आपले शब्द आठवू लागतात.