टेली मानस १४४१६ : होस्टेलवाल्यांनो, नंबर सेव्ह करून ठेवा

बॅकलॉगचं टेन्शन, झोप उडालेली, आणि आमच्या कॉलेजच्या काउन्सेलरची केबिन बरोब्बर फी काउंटरसमोर, म्हणजे अख्खी लाइन बघणार कोण आत गेलं ते. कोण जाणार मग! शेवटी रात्री १४४१६ लावला. टेली मानस म्हणजे मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, सरकारी आहे, ऑक्टोबर २०२२ पासून चालू, २४ तास, पूर्ण फुकट. आधी भाषा निवडायची, मराठी आहे. ताईंनी लेक्चर नाही झोडलं, जेवण-झोप कशी, घरी कुणाला माहितीय का, जिवाचं बरंवाईट करायचे विचार येतात का, सगळं सरळ विचारलं आणि तेच बरं वाटलं राव. फक्त एका फोनमध्ये थेरपी होईल असं समजू नका, नेहमीसाठी समोर बसणारा काउन्सेलर शोधाच.