वर्ल्डस्पेसचा जुना संच: दुरुस्त करावा, त्यात इंटरनेट बसवावे, की नुसती अँटेना ठेवावी?

घरात वर्ल्डस्पेसचा, म्हणजे उपग्रहावरून वर्गणीवर वाहिन्या ऐकवणाऱ्या बंद पडलेल्या सेवेचा, जुना रेडिओ पडून असेल आणि तो कबाडीवाल्याला द्यावा की त्यावर थोडा खर्च करावा असा प्रश्न असेल, तर आधी एक गोष्ट पाहावी. त्या संचाला स्वतःचा स्पीकर आणि एफएम, मध्यमलहरी, लघुलहरी असे बँड आहेत, की ती केवळ उपग्रहाचा सिग्नल घेऊन बाहेरच्या स्पीकरला आवाज देणारी पेटी आहे? हिताची, जेव्हीसी, पॅनासॉनिक आणि सान्यो यांचे पहिल्या पिढीतले संच पहिल्या प्रकारचे होते. पुढे स्वस्तात आलेल्या संचांमध्ये दुसरा प्रकारही बराच आढळतो. बाकीचा निर्णय मुख्यतः याच फरकावर अवलंबून आहे.

उपग्रहाच्या आशेवर मात्र एक रुपयाही घालू नये. वर्ल्डस्पेसचा एशियास्टार हा उपग्रह मार्च 2000 मध्ये एरियान 5 या रॉकेटने, भारताच्या इन्सॅट-3बी सोबत, अवकाशात गेला आणि 105 अंश पूर्व रेखांशावर स्थिरावला. नागपुरातून तो आग्नेयेला, क्षितिजापासून सुमारे 51 अंश उंचीवर येत असे. म्हणून पश्चिमेकडे तोंड असलेल्या फ्लॅटमधल्या लोकांना अँटेनेची वायर लांबवून गच्चीवर जावे लागे. प्रक्षेपण 1467 ते 1492 मेगाहर्ट्झ या पट्ट्यात होते. ऑक्टोबर 2008 मध्ये कंपनीने अमेरिकेत दिवाळखोरीचा अर्ज केला आणि 31 डिसेंबर 2009 रोजी भारतातील सेवा थांबली, तेव्हा येथे सुमारे साडेचार लाख वर्गणीदार होते. ‘गंधर्व’वरचे हिंदुस्थानी संगीत किंवा ‘फरिश्ता’वरची जुनी हिंदी गाणी त्या संचात कधीच साठवलेली नव्हती. त्यामुळे संचाचे कुलूप उघडून देतो असे कोणी म्हणाले, तरी आत उघडण्यासारखे काही उरलेले नाही.

बँड असलेला संच हाती असेल, तर पहिला आणि सर्वांत शहाणपणाचा मार्ग म्हणजे त्याला साधा रेडिओ म्हणून जागा करणे. दशकभर बंद राहिलेल्या संचात बहुधा तीनच गोष्टी बिघडतात. सेल आतच राहिले असतील तर ते गळून पट्ट्यांवर हिरवट-पांढरा थर चढतो. तो व्हिनेगर किंवा लिंबाच्या रसाने सोडवून नंतर आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसावा लागतो. आवाजाचे बटण खरखरते, त्याला कॉन्टॅक्ट क्लीनर पुरतो. तिसरा बिघाड इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटरचा असतो. वीज साठवणारे हे छोटे भाग उष्णतेने आतून सुकतात, आणि नागपूरचे 45 अंशांचे उन्हाळे माळ्यावर काढलेल्या संचात ते शाबूत असतील अशी खात्री धरता येत नाही. मूळ अडॅप्टर हरवला असेल तर दुसरा जोडण्याआधी पिनेचे धन आणि ऋण टोक मल्टिमीटरने तपासावे. चुकीच्या अडॅप्टरने एका मिनिटात होणारे नुकसान इतक्या वर्षांच्या धुळीने केलेले नसते.

एवढे केल्यावर मिळते काय? मध्यमलहरींवर 585 किलोहर्ट्झला आकाशवाणी नागपूर आणि एफएमवर 100.6 मेगाहर्ट्झला विविध भारती. लघुलहरींवर आता पूर्वीची गजबज राहिलेली नाही. बीबीसी हिंदीची लघुलहरींवरील सेवाही 31 जानेवारी 2020 रोजी संपली. रात्रभर चालणारी आकाशवाणीची राष्ट्रीय वाहिनी नागपूरहूनच, 1566 किलोहर्ट्झवर आणि 1000 किलोवॉट शक्तीने, 1988 पासून देशभर ऐकू जात असे. तीही 2019 च्या सुरुवातीला बंद झाली. तेव्हा बंद पडलेल्या प्रसारणाचे दुःख नागपूरकराला वर्ल्डस्पेसनेच प्रथम शिकवले किंवा शेवटचे शिकवले, असे नाही. मध्यमलहरी ऐकणाऱ्याने आणखी एक अडचण लक्षात घ्यावी: कूलरची मोटर आणि स्वस्त एलईडी दिव्यांची सर्किटे या बँडवर इतका खरखराट सोडतात की उन्हाळ्यात संध्याकाळी संच खिडकीशी नेऊन फिरवत बसावे लागते. एफएमला हा त्रास फारसा होत नाही.

दुसरा मार्ग ब्लूटूथचा आहे. काही शे रुपयांचे मॉड्यूल संचाच्या अँप्लिफायरला जोडले की मोबाइलवरचा आवाज जुन्या स्पीकरमधून येतो. संचाला बाहेरून आवाज घेण्याची जागा असेल तर डाग देण्याचीही (सोल्डरिंगचीही) गरज पडत नाही. ती नसेल, तर आवाजाच्या बटणाआधीचा बिंदू शोधून तेथे जोडणी करावी लागते, आणि अनेकांचे काम येथेच अडते. काही संच सिग्नल न मिळाल्यास अँप्लिफायर आपणहून मूक करतात, त्यामुळे जोडणी बरोबर असूनही आवाज निघत नाही. अशा वेळी मूक करणारी रेषा ओळखून ती तोडावी लागते, आणि हे काम सर्किट वाचता येणाऱ्यानेच करावे. मॉड्यूल आणि अँप्लिफायर एकाच वीजपुरवठ्यावर चालवल्यास मागे बारीक शिट्टीसारखा आवाज येतो. दोन्हींचा पुरवठा वेगळा ठेवणारा विलगित डीसी-डीसी कन्व्हर्टर मध्ये घातल्यास तो जातो. मोबाइल हाती धरल्याशिवाय काही वाजत नाही, ही या मार्गाची खरी उणीव आहे. घरातल्या वडीलधाऱ्यांसाठी संच सुरू करायचा असेल तर हा मार्ग निवडू नये.

त्यांच्यासाठी तिसरा मार्ग योग्य आहे: त्याच पेटीत वायफायवर चालणारा इंटरनेट रेडिओ बसवणे. येथे बहुतेक जण सवयीने रास्पबेरी पाय या तळहाताएवढ्या संगणकाकडे वळतात. माझे मत वेगळे आहे. पाय हा पूर्ण संगणक असल्याने तो सुरू व्हायला वेळ घेतो आणि तो चालू असताना लाईन गेली तर त्याच्या मेमरी कार्डावरची माहिती खराब होऊ शकते. मे महिन्यात दिवसातून दोनदा लाईन जाणाऱ्या वस्तीत हा दोष किरकोळ राहत नाही. ईएसपी32 हा छोटा नियंत्रक काही सेकंदांत सुरू होतो, अचानक बंद झाल्यावर बिघडत नाही आणि पीसीएम5102 सारख्या डॅक (डिजिटल सिग्नलचा आवाज करणाऱ्या) चिपसोबत त्याचा आवाज या स्पीकरांसाठी पुरेसा चांगला असतो. संचाची जुनी बटणे त्याला जोडता येतात, म्हणजे बटण दाबताच वाहिनी बदलण्याचा अनुभवही टिकतो. ‘गंधर्व’ आणि कर्नाटक संगीताची ‘श्रुती’ या वर्ल्डस्पेसच्या वाहिन्यांची उणीव ज्यांना भासते, त्यांच्यासाठी आकाशवाणीची ‘रागम’ ही चोवीस तास शास्त्रीय संगीत देणारी वाहिनी 26 जानेवारी 2016 पासून आहे, आणि या मार्गाने जाण्याचे ते सर्वांत सबळ कारण आहे. मात्र प्रसारणाचे इंटरनेटवरील पत्ते अधूनमधून बदलतात. ते बदलून देणारा कोणी घरात नसेल, तर संच काही महिन्यांत पुन्हा मुका होईल.

स्पीकर नसलेल्या पेटीचा विचार वेगळा करावा लागतो. तिच्यात ब्लूटूथ घालणे किंवा ईएसपी32 बसवणे म्हणजे रिकामा डबा सजवणे. तेवढ्या श्रमात लाकडी खोके अधिक चांगले दिसेल. तिची मौल्यवान वस्तू म्हणजे बाहेरची चपटी अँटेना. तिच्यात सिग्नल वाढवणारे सर्किट असते आणि त्याला वीज त्याच वायरमधून मिळते. संगणकाला जोडायचे आरटीएल-एसडीआर डोंगल, म्हणजे संगणकाला रेडिओ बनवणारे छोटे उपकरण, साधारण 24 ते 1766 मेगाहर्ट्झपर्यंत ऐकू शकते, म्हणजे वर्ल्डस्पेसचा पट्टा आणि त्याच्या शेजारचे पट्टे त्याच्या आवाक्यात आहेत. जहाजे आणि विमानांशी संपर्क ठेवणाऱ्या इन्मारसॅट कंपनीचे उपग्रह 1525 ते 1559 मेगाहर्ट्झवर बोलतात. त्यांवरून जहाजांसाठी प्रसारित होणाऱ्या सुरक्षा-सूचना हौशी मंडळी याच प्रकारच्या अँटेनांनी घेतात. अँटेनेतील फिल्टर मूळ पट्ट्यासाठी बनवलेला असल्याने सिग्नल थोडा पडतो, काही अँटेनांमध्ये फारच पडतो, आणि ते लावून पाहिल्याशिवाय कळत नाही. जुना संच अँटेनेला किती व्होल्ट देत होता ते आधी मोजावे. बायस-टी (अँटेनेच्या वायरमधूनच वीज देण्याची सोय) असलेले डोंगल सुमारे साडेचार व्होल्ट देते. खासगी संदेश आणि फोन उलगडण्याच्या नादी लागू नये आणि स्वतः काहीही प्रक्षेपित करू नये; त्यासाठी परवाना लागतो.

खर्चाच्या दृष्टीने पाहिले तर पहिला मार्ग जवळजवळ फुकट, दुसरा काही शे रुपयांचा, तिसरा त्याहून जास्त पण हाताबाहेर न जाणारा, आणि डोंगलचा मार्ग काही हजारांचा आहे. नागपुरात सीताबर्डीच्या बाजारात ‘मोदी’ नावाच्या गल्ल्यांत सुटे भाग शोधायची तयारी असेल तर मधले दोन मार्ग आणखी स्वस्त पडतात. बँड असलेला संच घेऊन मी पहिला मार्ग पूर्ण करीन आणि महिनाभर वापरून झाल्यावरच त्यात काही नवे बसवायचे का ते ठरवीन. चालू असलेला जुना संच घाईने उघडून बिघडवलेल्यांची संख्या कमी नाही. नुसती पेटी असेल तर ती कबाडीवाल्याला देताना अँटेना आणि तिची वायर आधी सोडवून घ्यावी. नवीन काम असे की एशियास्टारसाठी आग्नेयेला वळवलेली ती अँटेना, 64 अंश पूर्व रेखांशावरच्या इन्मारसॅटसाठी नैऋत्येला, सुमारे 60 अंश उंचीवर वळवावी लागेल. गच्चीच्या त्या बाजूला पाण्याची टाकी आडवी येत नाही ना, हे डोंगल मागवण्याआधीच वर जाऊन पाहावे.