टोकन बनलंच नव्हतं, ६३,१०० रुपये मात्र गेले

पुण्यातल्या चित्रकार मंडळींनो, इन्स्टाग्रामवर कामं टाकत असाल तर हे वाचाच. ‘तुमच्या चित्राचं एनएफटी विकत घ्यायचंय’ असा मेसेज आला की उत्तरसुद्धा देऊ नका. एनएफटी म्हणजे चित्राशी जोडलेलं डिजिटल टोकन, ब्लॉकचेन नावाच्या ऑनलाइन नोंदवहीत नोंदलेलं.

मी पेठांमधल्या वाड्यांची जलरंगातली चित्रं करते. समोरच्याने तीन निवडली, इथर या क्रिप्टो चलनात भाव सांगितला, एका साइटची लिंक दिली. पुढचं तुम्ही ओळखलंच असेल. टोकन बनवायची गॅस फी, म्हणजे नोंदीचं शुल्क, १८,५००. चित्रं लगेच ‘विकली’, खात्यात ९,६०,००० दिसायला लागले. काढायला गेले तर वॉलेट व्हेरिफिकेशनचे ३५,०००. मग एक टक्का टीडीएस, ९,६००. त्यानंतर ३० टक्के कर म्हणून २,८८,००० मागितले, तेव्हा मी हात आखडला.

तो टीडीएस डोक्यातून जात नाही. टीडीएस पैसे देणारा कापतो, विकणाऱ्याने आधी खिशातून भरायचा नसतो. माझ्या डिझाइनच्या बिलांतून दरवर्षी कापला जातो, मला हे पाठ आहे. पण नियम खरा होता ना! एनएफटीसारख्या आभासी मालमत्तेवर १ एप्रिल २०२२ पासून ३० टक्के कर, १ जुलै २०२२ पासून एक टक्का टीडीएस. मी शोधून पाहिलं, आकडे जुळले. चोर सरकारचेच आकडे सांगत असेल तर माणसाने संशय कशावर घ्यायचा? गॅस फी मात्र आपल्या वॉलेटमधून, इथरमध्ये, नेटवर्कला जाते. कुणाच्या बचत खात्यावर यूपीआयने मागितली की समजा, चोर आहे.

आता चित्रकारांच्या ग्रुपवर ‘एनएफटीच्या नादी लागू नका, आम्ही सांगत होतो’ सुरू झालंय. काय सांगत होता? वीज फार जाते? इथर ज्यावर चालतं त्या इथेरियम नेटवर्कने सप्टेंबर २०२२ मध्ये व्यवहार पडताळायची पद्धत बदलल्यावर तो वापर ९९ टक्क्यांहून जास्त घटला. टोकन घेतलं तरी कॉपीराइट मिळत नाही, चित्र कुठल्यातरी सर्व्हरवर पडलेलं असतं, हे आक्षेप खरे आहेत आणि मला ते माहीत होते. तरी मी एनएफटीकडे वळले, कारण दालनाचं भाडं, फ्रेमिंग आणि कमिशन जाऊन हातात काय उरतं ते प्रदर्शन लावणाऱ्यालाच कळतं. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५३अ मध्ये दहा हजारांवरच्या पुनर्विक्रीत चित्रकाराचा वाटा लिहिलाय. तो हातात पडलेला चित्रकार मला अजून भेटलेला नाही. टोकन पुढच्या प्रत्येक विक्रीत तो वाटा देऊ करत होतं. मार्च २०२१ मध्ये बीपल या अमेरिकन चित्रकाराचं एनएफटी केलेलं डिजिटल काम ६.९३ कोटी डॉलरला गेलं, ते सगळ्यांनीच पाहिलं होतं. यात लोभ कुठे आला?

आणि माझ्या बाबतीत टोकन बनलंच नव्हतं. टोकन ज्या कॉन्ट्रॅक्टमधून (ब्लॉकचेनवरच्या प्रोग्रॅममधून) बनतं त्याचा पत्ता मागा, इथेरियमच्या नोंदी दाखवणाऱ्या इथरस्कॅन साइटवर टाका. पत्ता देत नाहीत? विषय संपला.

पोलीस चौकीत म्हणाले, सायबर पोलिसांकडे जा. सायबरवाले म्हणाले, ‘मॅडम, क्रिप्टोत रिस्क असतेच.’ अहो, मी क्रिप्टो घेतलंच नाही! रुपये गेले, भारतातल्या बँक खात्यात गेले, खातेदाराचं नाव कागदावर आहे. ही साधी फसवणूक आहे, भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८. तर अर्ज ठेवून घेतला, गुन्हा नाही. हद्द दुसऱ्या राज्याची म्हणे. नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ सांगतं की हद्द कुठलीही असो, दखलपात्र गुन्ह्याची माहिती नोंदवायचीच. ते दाखवलं तर ‘तुम्ही वकील आहात का?’ बँकेचं उत्तर, पिन तुम्हीच टाकलात. ते खातं उघडून देताना कुणी काय तपासलं, ते मात्र विचारायचं नाही!

पैसे गेल्यागेल्या १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, रक्कम गोठवायची संधी पहिल्या काही तासांतच असते. स्क्रीनशॉट आधी घ्या, भांडण नंतर. समोरचा चॅट पुसतो. आणि ‘पैसे परत मिळवून देतो’ म्हणणारे येतील, मला आलेत. तेही चोरच.

माझी तीन वाड्यांची चित्रं त्या साइटवर अजून ‘विकली गेली’ असं दाखवतायत, माझ्या नावासकट. साइट खरी असल्याचा पुरावा म्हणून कुणी ती दाखवली, तर आधी मला फोन करा.