ब्रेकचा लाल दिवा, सर्व्हिस सेंटरच्या तीन चकरा आणि भांडुपचं बिनबोर्डाचं गॅरेज

आधीच सांगते, ज्या गॅरेजला पाच स्टार द्यायला बसलेय त्याला बोर्डच नाहीये. भांडुप पश्चिमेला, एलबीएस रोडवरनं आत शिरलं की एक पिठाची गिरणी लागते, तिच्या शेजारी भिंतीला जुना टायर टांगलाय, तोच बोर्ड. सगळे मामांचं गॅरेज म्हणतात. आणि ज्या सर्व्हिस सेंटरला दीड स्टार देतेय त्याचं नाव मुद्दाम टाकत नाहीये, कारण गाडीची वॉरंटी संपेपर्यंत मला तिथेच जायचंय आणि त्या लोकांची तोंडं बघायचीयेत.

तर झालं असं. आमची गाडी पावणेतीन वर्षांची, ऑटोमॅटिक हॅचबॅक, २७ हजार किलोमीटर झालेत, मुलुंड ते अंधेरीचं सीप्झ रोजचं जाणं-येणं, चालवते मीच. जूनच्या पहिल्या आठवड्यात, पाऊस नुकता सुरू झालेला, सकाळी सोसायटीच्या पोडियमचा रॅम्प उतरताना मीटरवर टुंग वाजलं, लाल गोलात उद्गारचिन्ह आणि खाली मेसेज, ब्रेक सिस्टीम तपासा. मी घाबरून ब्रेक दाबला, ब्रेक व्यवस्थित लागला, आणि गेटवर वॉचमनसमोर पोचेपर्यंत दिवा गायब. दिवसभर काही नाही. दुसऱ्या दिवशी परत तिथेच. मग कधी जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडला वळताना दोन सेकंद, कधी सिग्नलला जरा जोरात थांबलं की. चार दिवस काहीच नाही, मग एका सकाळी दोनदा. सासरे म्हणाले पावसाचं पाणी गेलं असेल, सुकेल आपोआप. नवऱ्यानं गूगल करून सतरा कारणं वाचून दाखवली आणि सतरावं कारण वाचून तो स्वतःच घाबरला.

पहिली चकर. सर्व्हिस ॲडव्हायजर, गोड बोलणारा मुलगा, टॅबवर लिहितालिहिता पहिला प्रश्न, "मॅडम, हँडब्रेक पूर्ण खाली सोडता ना?" मी बारा वर्षं गाडी चालवतेय रे बाबा. पण ठीक, प्रश्न अगदीच चुकीचा नव्हता, कारण हँडब्रेक थोडा वर राहिला तरी हाच लाल दिवा लागतो. खटकलं ते हे की त्यानंतर दुसरा प्रश्न आलाच नाही. मी म्हटलं रॅम्प उतरतानाच येतो हो, तर म्हणाला स्कॅनरमध्ये सगळं कळतं मॅडम. संध्याकाळी फोन, बिघाडाचा कोड काहीच नाही, रोड टेस्ट ओके, गाडी धुऊन ठेवलीये. रोड टेस्ट कुठे घेतली असेल, तर त्यांच्याच बाहेरच्या सरळसोट रस्त्यावर.

दुसरी चकर जूनच्या शेवटी. या वेळी मी व्हिडिओ काढून नेला, मुलीला बाजूला बसवून. व्हिडिओ बघून म्हणाले हँडब्रेकचा स्विच ॲडजस्ट करतो. केला. आणि दिवा खरंच बंद झाला! मी ऑफिसात सगळ्यांना सांगितलं की झालं एकदाचं. सहा आठवडे शांतता. ऑगस्टच्या मध्यात परत टुंग.

तिसऱ्या चकरेला तर कमालच झाली. आता दोषी कोण, तर उंदीर. बॉनेटखाली लेंड्या सापडल्या म्हणे. मुंबईत कुठल्या गाडीच्या बॉनेटखाली सापडत नाहीत सांगा मला! वायर कुरतडली असेल तर वॉरंटीत बसत नाही मॅडम, हार्नेस, म्हणजे वायरांचा जुडगा, खोलून बघावं लागेल, मोठा खर्च होऊ शकतो, तोपर्यंत निदान रोडंट रिपेलंट मारून घ्या. चौदाशे रुपये. मारलं. आठवडाभर गाडीत बसलं की पुदिना आणि डांबरगोळ्या एकत्र वाटल्यासारखा वास. दिवा तसाच.

आमच्या ऑफिसला जो टेम्पोवाला सामान आणतो त्यानं मामांचं नाव सांगितलं. शनिवारी सकाळी गेले. बसायला उलटी ठेवलेली बॅटरीची पेटी, वर निळी ताडपत्री, पाऊस तिच्यावर तडतड वाजतोय, मामा स्टूलवर बसून कपबशीतला चहा बशीतनं पितायत. मला वाटलं लगेच बॉनेट उघडतील. उघडलं नाही. चहा संपेपर्यंत नुसते प्रश्न. दिवा लागतो तेव्हा गाडी चढावर असते की उतारावर? वळताना कुठल्या बाजूला? थंड गाडीला जास्त की गरम? सोबत पिवळा एबीएसचा (जोरात ब्रेक मारला तरी चाकं जाम होऊ न देणारी सिस्टीम) दिवा लागतो का? ब्रेकचा पेडल खाली जातो का आधीपेक्षा? मी सगळं सांगितलं, पिवळा कधीच नाही, नेहमी लालच, उतारावर आणि ब्रेक मारल्यावर, आणि हो, पेडलबद्दल आता तुम्ही विचारताय म्हणून, किंचित खाली वाटतो पण मला वाटलं माझ्याच मनाचे खेळ. इतक्या दिवसांत हे पहिल्यांदा कोणीतरी विचारलं होतं.

मामा म्हणाले, "ताई, पिवळा असता तर सेन्सर, वायर, तुमचा तो उंदीर, सगळं धरलं असतं. नुसता पिवळा असेल तर साधा ब्रेक लागतो, एबीएस काम करत नाही. लाल म्हणजे हँडब्रेक नाहीतर ऑइल. आणि उतारावर हँडब्रेक हलत नाही, ऑइल हलतं."

मग बॉनेट उघडून ब्रेक ऑइलची बाटली दाखवली. अर्धपारदर्शक असते, बाहेर दोन रेघा, मॅक्स आणि मिन. ऑइल बरोब्बर खालच्या रेघेवर. आत एक फ्लोट असतो, आपल्या फ्लशच्या टाकीत असतो तसाच, त्याला चुंबक, आणि खाली छोटा स्विच. ऑइल कमी झालं की फ्लोट खाली येतो, चुंबक स्विच जोडतो, दिवा लागतो. काठावर असलं की सपाट रस्त्याला दिवा नाही, आणि उतारावर किंवा ब्रेक मारल्यावर ऑइल एका बाजूला झुकलं की दोन सेकंद लागतो. बऱ्याच गाड्यांत हा स्विच थेट मीटरला जोडलेला असतो, एबीएसच्या कॉम्प्युटरला त्याचा पत्ताच नसतो, म्हणून स्कॅनरमध्ये कोड येत नाही. तीन चकरांचं कोडं एका बाटलीत.

पण मामांनी नुसतं म्हणून सोडून दिलं नाही. बाटलीचा छोटा कनेक्टर काढला आणि मला म्हणाले चला, गिरणीच्या पुढे एक उतार आहे. दोनदा उतरलो, कचकन ब्रेक मारून, दिवा नाही. कनेक्टर लावला, परत उतरलो, टुंग. मी स्टिअरिंगवर हात मारून हसलेच. मामा हसले नाहीत. त्यांनी विचारलं, "मध्ये कोणी ऑइल भरलं होतं का?"

मी म्हटलं नाही. मग ग्लव्ह बॉक्समधनं दुसऱ्या चकरेचं बिल काढलं, मी आजवर नीट वाचलंच नव्हतं, हँडब्रेक स्विच ॲडजस्टमेंटच्या खाली बारीक अक्षरात एक ओळ, ब्रेक फ्लुइड टॉप अप. अच्छा, म्हणजे दिवा स्विचमुळे गेला नव्हता, ऑइल भरल्यामुळे गेला होता. आणि मला कोणी सांगितलं नाही.

इथे मामांचा आवाज बदलला. ब्रेकचं ऑइल इंजिन ऑइलसारखं जळत नाही, म्हणाले. पुढचे डिस्क पॅड झिजत जातात तसे ते पॅड दाबणाऱ्या कॅलिपरचे पिस्टन बाहेर येतात आणि बाटलीतली पातळी हळूहळू उतरते, पण त्याला हजारो किलोमीटर जातात. म्हणून नुसतं ऑइल भरून दिवा घालवायचा नसतो, आधी पॅड बघायचे. सहा आठवड्यांत वरच्या रेघेवरनं खालच्या रेघेवर आलं म्हणजे कुठेतरी गळतंय. टॉर्च मारून पुढचे पॅड बघितले, भरपूर शिल्लक. मग मागचं उजवं चाक जॅकवर, ड्रम ठोकून काढला, आणि व्हील सिलिंडरच्या, म्हणजे ऑइलच्या दाबानं ब्रेक शू ड्रमवर दाबणाऱ्या छोट्या नळकांड्याच्या, रबरी टोपीची कड पेचकसानं जराशी उचलली. आतनं थेंब आला. मग दुसरा. माझ्या पोटात गोळा. डाव्या बाजूला तेच करून दाखवलं, कोरडं ठणठणीत. उजवीकडचा एक ब्रेक शू ऑइलनं काळा-ओला झालेला. बाहेरनं टायरवर डाग का दिसला नाही विचारलं तर म्हणाले हे ऑइल पाण्यात विरघळतं, पावसात रोज धुऊन जात होतं, मे महिन्यात असतं तर दिसलं असतं. बोटाला लावून दाखवलं, पाण्यापेक्षा बुळबुळीत. आणि लगेच फडक्यानं पुसायला लावलं, कारण ते गाडीच्या रंगाला लागलं तर रंग उठतो.

आता मला वाटलं मामा म्हणणार सिलिंडर बदलतो, इतके इतके द्या, आणि मी तिथल्या तिथे दिलेही असते. मामांनी गाडी किती वर्षांची विचारलं आणि ड्रम परत बसवायला घेतला. "वॉरंटीत आहे ना ताई, मग मी कशाला हात लावू? आणि चालवत नेऊ नका. कंपनीची टोइंग मागवा." मी म्हटलं ब्रेक तर लागतोय की. त्यावर बोलणी खाल्ली. ब्रेकच्या दोन वेगवेगळ्या लाइन असतात, एक गेली तरी दुसरी गाडी थांबवते, पण निम्म्या ताकदीनं आणि पेडल खोल जाऊन, आणि ते पहिल्यांदा पावसात, उतारावर कळावं असं वाटतं का तुम्हाला? नाही वाटत मामा.

टोइंगचा ट्रक गल्लीत शिरेना. मग मामांकडचा पोरगा, गिरणीवाला आणि एक रिक्षावाला अशी तिघांनी ढकलत गाडी एलबीएस रोडपर्यंत आणली, मी आत स्टिअरिंग धरून, पावसात, मागे बेस्टची बस हॉर्न मारतेय. तो सीन मी विसरणार नाही. मामांनी किती घेतले? साडेतीनशे. मी पाचशे दिले तर पोराला सुटे आणायला पिटाळलं.

सर्व्हिस सेंटरला या वेळी मी तोंडी काही बोललेच नाही. जॉब कार्डवर स्वतःच्या हातानं लिहिलं, मागचं उजवं व्हील सिलिंडर गळतंय, फोटो जोडलाय, आणि ॲडव्हायजरची सही घेतली. दोन तासांत फोन, हो मॅडम लीक आहे, वॉरंटीत बदलतोय. ब्रेक शूवरनं मात्र हुज्जत झाली, ते म्हणे शू झिजणारा पार्ट आहे, वॉरंटीत नाही. मी म्हटलं झिजला कुठे, तुमच्या गळक्या सिलिंडरनं भिजलाय, आणि जूनमध्ये तुम्ही ऑइल भरून मला न सांगता पाठवलंत हे बिलावर आहे, मॅनेजरला बोलवा. मॅनेजर आला, बिल वाचलं, दोन्ही बाजूंचे शू फुकट बदलून मिळाले. ऑइलही पूर्ण नवीन, डॉट ४ ग्रेडचं, लाइनमधली एअर काढून. तसंही ते हवेतली ओल शोषतं, म्हणून आमच्या गाडीला दर दोन वर्षांनी बदलायचं असतं, मॅन्युअलमध्ये लिहिलंय, आमचं एकदाही बदललेलं नव्हतं. चौदाशेचं पुदिना प्रकरण परत मिळालं नाही. जुना सिलिंडर बघायला मागितला, आतल्या पिस्टनला तांबूस गंजाची कड आली होती.

दीड स्टार का, शून्य का नाही? कारण लेखी दिल्यावर काम नीट आणि एका दिवसात केलं, आणि मॅनेजरनं सॉरी म्हटलं. ॲडव्हायजर अजूनही गोड बोलतो.

मामांच्या गॅरेजच्या तक्रारी पण लिहिते, नाहीतर म्हणाल नातेवाईक आहेत. फोन दहादा केला तर एकदा उचलतात. पक्कं बिल मिळत नाही, चिठ्ठी मिळते. लिफ्ट नाही, जोराचा पाऊस आला की काम थांबतं. स्कॅनर आहे पण साधा, इंजिनचे कोड वाचतो, एबीएसचे वाचत नाही, त्यामुळे पिवळ्या दिव्याचं काही असेल तर मामा स्वतःच सांगतात की दुसरीकडे जा. बायकांसाठी बाथरूमची सोय नाही. शुक्रवारी दुपारी गेलात तर तास-दीड तास वाट बघावी लागेल. पार्किंग विचारूच नका.

काम झाल्यावर मी गाडी परत मामांना दाखवायला नेली. त्यांनी सिलिंडर-बिलिंडर काही बघितलं नाही, खिशातनं काळा मार्कर काढला, बाटलीवर ऑइल जिथपर्यंत होतं तिथे केसाएवढी बारीक रेघ मारली आणि म्हणाले दर रविवारी गाडी सपाट जागी लावून थंड असताना बघायचं. पैसे नाहीत. आज सातवा रविवार, मुलगीच टॉर्च घेऊन खाली गेली होती. वर येऊन म्हणाली, आई, रेघेवरच आहे.