रात्रीच्या जेवणाला टीव्ही चालू असावा की बंद?

हा प्रश्न ज्या घरांत निघतो, तिथे मोबाईलविषयी बहुधा आधीच एकमत झालेले असते. ज्याने त्याने आपापल्या फोनमध्ये डोके खुपसून जेवणे कुणालाच पटत नाही, म्हणून तो प्रकार मी इथे विचारात घेत नाही. खरी निवड उरते ती दोन पद्धतींत : फोन बाजूला ठेवून सर्वांनी मिळून एकच टीव्ही पाहत जेवणे, किंवा टीव्हीही बंद करून जेवणे. आमच्या डोंबिवलीच्या घरात पहिली पद्धत सुमारे चार वर्षे चालली आणि दुसरीला आता दीड वर्ष होत आले आहे. पुढचे मत तेवढ्या अनुभवापुरतेच समजावे.

टीव्हीची बाजू वाटते तितकी लंगडी नाही. लोकलमधून उभ्याने प्रवास करून नऊच्या सुमारास घरी आलेल्या माणसाला बोलण्याचे त्राण नसते, आणि अशा वेळी समोर चाललेली मालिका सर्वांना एक सामाईक विषय तरी देते. माझी आई दिवसभर घरात एकटी असते. आपली मालिका रात्री सगळ्यांच्या सोबतीने पाहण्यात तिला जे सुख मिळत होते, ते मी कमी लेखणार नाही. शिवाय वीजबिल, सोसायटीची वर्गणी असले वादाचे विषय ताटापर्यंत पोहोचत नसत, हाही एक फायदाच होता.

माझे मत फिरवले ते एका वाक्याने : ‘थांब, जाहिरात लागली की सांग.’ आमच्याकडे हे वाक्य रोज कुणी ना कुणी म्हणत असे, आणि त्यात मीही आलो. आठवीतली मुलगी शाळेतले काही सांगायला तोंड उघडी, तिला हाताने थांबवले जाई, ती थांबेही. मग जाहिरात लागल्यावर आम्ही मोठ्या उदारपणे तिच्याकडे वळत असू आणि ती म्हणे, ‘काही नाही.’ वाहिन्यांनी तासाला १२ मिनिटांहून अधिक जाहिराती दाखवू नयेत, असे केबल टेलिव्हिजनचे नियम सांगतात. तो नियम कितपत पाळला जातो हा वेगळा विषय. पण अर्ध्या तासाच्या जेवणात आमच्या वाट्याला बोलण्यासाठी जेमतेम सहा मिनिटे येत होती, आणि तीही तुकड्यातुकड्यांनी, हा हिशेब एकदा डोक्यात बसल्यावर काही केल्या जाईना. पुढे आम्ही जाहिराती नसलेल्या ओटीटीवर गेलो, तेव्हा ती सहा मिनिटेही गेली.

धाकट्याच्या बाबतीत फरक अधिक ठळक दिसला, असे मला वाटते. दोन ते चार वर्षांच्या मुलांचा बसून स्क्रीन पाहण्याचा वेळ दिवसाला एका तासापेक्षा अधिक नसावा, आणि तो जितका कमी तितका बरा, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. आमच्या चार वर्षांच्या मुलाचा तो तास जेवणातच खर्ची पडत असे. कार्टून चालू असताना तो यंत्रासारखा ‘आ’ करी, आणि पोट भरल्याचे त्याला कळत नसे, आम्हालाही नाही. आता काऊचा घास, चिऊचा घास करत भरवायला पाऊण तास लागतो, निम्मा भात जमिनीवर सांडतो. पण ‘बास’ हा शब्द तो स्वतःहून म्हणतो.

टीव्ही बंद करण्याचे तोटेही सांगितले पाहिजेत. पहिले दोन आठवडे आमच्याकडे केवळ वाट्या-चमच्यांचा आवाज होता, आणि तो मोडण्यासाठी मी जे बोललो ते ‘गृहपाठ झाला का, चाचणीत किती मिळाले’ या पद्धतीचे होते, त्यामुळे मुलीला टीव्हीच बरा वाटला असल्यास नवल नाही. दुसरा तोटा गरम फुलक्यांचा. टीव्हीच्या आवाजात एक गोष्ट झाकली गेली होती, ती म्हणजे पत्नी पंगतीत नसे. ती गॅसपाशी उभी राहून एकेक फुलका वाढत असे आणि मालिका कानांनी ऐकत असे. आता पोळ्या आधीच करून डब्यात ठेवल्या जातात आणि ती आमच्याबरोबर बसते. पोळी थोडी निवते, हे खरे आहे.

सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ च्या स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास असाच निर्णय गावपातळीवर घेतला : संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजतो आणि साडेआठपर्यंत टीव्ही-मोबाईल बंद. मला त्यातली भोंग्याची सोय हेवा वाटण्यासारखी वाटते, कारण तो घरातल्या कुणा एकाचा हट्ट राहत नाही. आमच्याकडे रिमोट फ्रीजवर ठेवण्याचे काम माझ्याकडे असल्याने रोषही माझ्याच वाट्याला आला. आई आता मालिका दुसऱ्या दिवशी पुनःप्रसारणात पाहते. ‘शिळी पोळी आणि शिळी मालिका, दोन्ही दुपारीच,’ असे ती म्हणते, आणि त्यात थट्टा किती व तक्रार किती हे मी अजून विचारलेले नाही.

घरात दोघेच असतील आणि दिवसभर बोलणे होत असेल, तर टीव्ही चालू ठेवण्यात मला विशेष गैर दिसत नाही. बोलायला शिकणारे किंवा बोलणे कमी होत चाललेले मूल घरात असेल, तर मात्र बंद टीव्हीकडे माझा कल स्पष्ट आहे. सवलती ठेवाव्यात : न्यू जर्सीतल्या भावाचा व्हिडिओ कॉल आम्ही रविवारी जेवतानाच घेतो, कारण आपल्याकडे रात्रीचे साडेआठ वाजतात तेव्हा तिकडे उन्हाळ्यात सकाळचे अकरा असतात. २९ जून २०२४ रोजी टी-ट्वेंटी विश्वचषकाचा अंतिम सामना होता, तेव्हा सगळ्यांनी मांडीवर ताटे घेऊन टीव्हीसमोर जेवण केले, आणि रिमोट फ्रीजवरून मीच काढून आणला होता.