बारा फुटी जुनं बिलियर्ड्स टेबल की आठ फुटी पूल टेबल?

जुन्या क्लबाचं नूतनीकरण निघालं, एखाद्या बंगल्याची वाटणी झाली, की विलायती बनावटीचं बिलियर्ड्स टेबल विकायला येतं. आठ भक्कम पाय, महोगनीचा घेर, कडेला थर्स्टन किंवा बरोज अँड वॉट्स या जुन्या इंग्लिश टेबल-कारखानदारांच्या नावाची पट्टी. भाव अनेकदा अपेक्षेपेक्षा कमी असतो, कारण विकणाऱ्याला पैशांपेक्षा खोली मोकळी हवी असते. दुसरीकडे दुकानदार नवं आठ फुटी पूल टेबल घरी आणून बसवून द्यायला तयार असतो. माझं मत आधीच सांगतो: तळमजल्यावर 22 बाय 16 फुटांची खोली असेल आणि घरात स्नूकर किंवा बिलियर्ड्सच खेळायचं असेल, तरच जुनं बारा फुटी घ्या. यातली एक अट जरी सुटली, तरी आठ फुटीकडे वळा.

खोलीचं माप हवेतून काढलेलं नाही. बारा फुटी टेबलाचं खेळायचं क्षेत्र 11 फूट 8½ इंच बाय 5 फूट 10 इंच. क्यू, म्हणजे बॉल मारायची काठी, साधारण 58 इंचांची. कुशनला, म्हणजे कडेच्या रबरी पट्टीला, चिकटलेला बॉल मारायचा तर चारही बाजूंना क्यूएवढी जागा लागते, म्हणजे साडेएकवीस बाय साडेपंधरा फूट झालेच. आठ फुटी पूल टेबलाचं क्षेत्र 88 बाय 44 इंच. त्याला 17 फूट बाय 13 फूट 4 इंच पुरतात. ‘भिंतीकडे आखूड क्यू वापरा’ असं विकणारा सांगतो. एखाद्या खांबापुरतं ते ठीक आहे, पण पूर्ण बाजूभर आखूड क्यूने खेळायचं असेल तर महिन्याभरात त्या टेबलावर इस्त्रीचे कपडे पडायला लागतात.

वजनाचा प्रश्न त्याहून अवघड. बारा फुटी टेबल सव्वा ते दीड टनांचं. बहुतेक भार स्लेटचा, म्हणजे कापडाखालच्या दगडी पाट्यांचा: पाच तुकडे, जाडी पावणेदोन ते दोन इंच, एकेक तुकडा पावणेदोनशे-दोनशे किलोंचा. भारतीय मानकात घराच्या मजल्यासाठी जो चल भार (माणसं आणि सामानाचं वजन) धरतात तो चौरस मीटरला 200 किलोंच्या आसपास आहे. टेबलाने व्यापलेली जागा साडेसात चौरस मीटर धरली, तर एकटं टेबलच जवळजवळ तेवढा भार घेऊन बसतं. खेळणारे, बघणारे, सोफा वेगळेच. शिवाय तो भार पसरून नाही, आठ पायांवर टेकतो. वरच्या मजल्यावर चढवायचं असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरचा लेखी अभिप्राय घ्या. लाकडी तुळयांच्या माडीवर तर विचारच नको. लिफ्टचाही हिशेब करून ठेवा: सहा माणसांच्या लिफ्टवर 408 किलो लिहिलेलं असतं, आणि एक स्लेट धरून चार हमाल आत शिरले की ती मर्यादा ओलांडली जाते. जिन्याची वळणं कशी आहेत, ते आधी बघा.

आठ फुटी पूल टेबलाच्या एक इंची स्लेटचे तीन तुकडे असतात, प्रत्येकी 80-85 किलोंचे. सगळं टेबल चारशे किलोंच्या घरात. आरसीसी इमारतीत हे सहसा पेलतं, फक्त पाय जिथे येणार तिथली टाइल ठोकून पाहा. पोकळ आवाज आला तर ती आधी बदला.

आता खेळ. ‘पूलही खेळू, स्नूकरही खेळू’ या आशेवर कुणी बारा फुटी घेऊ नये. स्नूकरचा बॉल 52.5 मिलिमीटरचा, पूलचा 57.15चा. स्नूकरच्या पॉकेटचे, म्हणजे बॉल पडायच्या भोकांचे, ओठ गोलाकार आणि अरुंद, कुशनचं रबरही वेगळ्या आकाराचं. पूलचे बॉल त्यावर नुसते तोंडाशी अडखळत बसतात. दहा-बारा वर्षांची मुलं बारा फुटांवर लवकर कंटाळतात. लांबून मारलेले बॉल पॉकेटात पडत नाहीत. पण ज्यांना खेळाची खरी ओढ आहे त्यांच्यासाठी दुसरं टेबलच नाही. स्नूकर 1875 मध्ये जबलपूरच्या लष्करी मेसमध्ये जन्मला तो बिलियर्ड्सच्या टेबलावर, आणि पुण्यात जन्मलेल्या विल्सन जोन्स यांनी 1958 आणि 1964 मध्ये हौशी बिलियर्ड्सचं जागतिक विजेतेपद मिळवलं तेही याच मापावर. म्हणून जुनं टेबल कापून लहान करून देतो म्हणणाऱ्याला हात जोडा. त्यात स्लेटचे जोड जातात, घेराची प्रमाणबद्धता जाते आणि उरतं ते ना धड स्नूकरचं, ना धड पूलचं.

जुनं घ्यायचं ठरलं तर पाहणी कापडाखाली करायची असते. विकणारा कापड उचकटू देत नाही, पण ते कापड तसंही बदलायचंच आहे, तेव्हा आग्रह धरा. पॉकेटांजवळचे कोपरे आणि स्क्रूची भोकं पाहा. कडेचा टवका भरून निघतो. आरपार तडा गेलेला असेल तर सौदा तिथेच सोडा. पाचही तुकडे एकत्र घासून जुळवलेले असतात, त्यामुळे एकच बदलून आणला तर तो क्वचितच नीट बसतो. सोडवण्याआधी प्रत्येकावर क्रमांक घाला, फोटो काढा, आणि वाहून नेताना स्लेट नेहमी कडेवर उभी ठेवा. आडवी धरली तर स्वतःच्याच वजनाने मोडू शकते.

कुशनचं रबर जुनं झालं की कडक पडतं. नखाने दाबून पाहा, मग लांबीच्या दिशेने बॉल जोरात मारा. चार लांबी न कापता तो थांबला तर रबर गेलं असं समजा, आणि सहाही कुशनांचं एकदमच बदला. एकच बदललं तर प्रत्येक कुशनवरून बॉल वेगळ्या वेगाने परत येतो. बसवणारा पूलचं रबर स्नूकरला ठोकत नाही ना, एवढं विचारून घ्या. लाकडात वाळवीसाठी पायांचे तळ आणि आतल्या तुळया स्क्रूड्रायव्हरने टोचून बघा. लाखेच्या पॉलिशची घाई नको. टेबल त्याच्याशिवायही खेळतं, पैसे शिल्लक राहिले तर पुढच्या वर्षी करा.

जोडणी हे सुताराचं काम नाही. सांगाडा लेव्हलला आणायचा, पाचरी देत स्लेट बसवायच्या, जोड प्लास्टर ऑफ पॅरिसने भरून घासायचे, मग लोकरी कापड ताणून त्याच्या लवेच्या, म्हणजे वरच्या बारीक तंतूंच्या, दिशेने इस्त्री करायची. हे जाणणारा फिटर हवा, आणि त्याचा पत्ता जुन्या क्लबातल्या मार्करकडे, म्हणजे टेबलं सांभाळून गुण मोजणाऱ्या माणसाकडे, मिळतो. असा माणूस तुमच्या शहरात यायला तयार नसेल तर टेबल फुकट मिळालं तरी महाग आहे.

नव्यातही फसायला वाव आहे. स्वस्त टेबलांच्या पृष्ठभागाला एमडीएफ, म्हणजे दाबलेल्या लाकडी तंतूंचा पाटा, असतं. कोकणच्या पावसाळ्यात ते फुगतं, मग बॉल आपोआप एका कोपऱ्याकडे सरकतो. आपल्या बाजारात संगमरवराचे पाटेही सर्रास चालतात. जाड आणि नीट जोडलेले असतील तर घरगुती खेळाला पुरतात, पण त्यांना स्लेट म्हणून स्लेटचा भाव देऊ नका.

बहुतेक घरांसाठी मला पटतो तो तिसराच मार्ग: बंद पडणाऱ्या पूल पार्लरमधलं स्लेटचं आठ फुटी टेबल. कापड फाटलेलं, घेरावर सिगारेटचे डाग, पण स्लेट शाबूत. रबर आणि कापड बदललं की ते नव्यासारखं चालतं, आणि पूलच्या कापडाला लव नसल्यामुळे नंतरची निगाही सोपी.

बारा फुटीचं लोकरी कापड पावसाळ्यात ओल धरतं, बॉल जड चालतो, बंद खोलीत कसरही लागते. रोज ब्रश, वर आच्छादन आणि टेबलावरचे दिवे अधूनमधून तासभर चालू, एवढं कोण करणार ते घरात आधी ठरवा. फिटरशी बोलतानाच काही महिन्यांनंतरची एक लेव्हल-तपासणी ठरलेल्या पैशांत धरून घ्या, कारण सांगाडा नव्या जागी थोडा बसतोच. आणि टेबलासोबत पिवळसर, बारीक रेषांचे जुने बॉल ‘भेट’ म्हणून मिळत असतील तर नम्रपणे नाही म्हणा. ते हस्तिदंताचे असू शकतात, आणि हस्तिदंताचा व्यवहार भारतात बेकायदा आहे.