दोन तासिकांमधली दहा मिनिटे आणि ॲन आर्बरची निळी बस

अमेरिकेतल्या ॲन आर्बरला एम.एस.साठी निघालेले विद्यार्थी घरभाडे, प्रेशर कुकर आणि थंडीचे कपडे यांची चौकशी फार बारकाईने करतात. विद्यापीठाच्या बसबद्दल मात्र सहसा कोणी विचारत नाही. मिशिगन विद्यापीठात इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंग शिकताना दोन वर्षे ही निळी बस मी जवळपास रोज वापरली आणि माझे सगळे वेळापत्रक तिच्यावरच उभे होते, म्हणून तिच्याविषयी सविस्तर लिहीत आहे.

हे विद्यापीठ एका कुंपणात मावणारे नाही. जुना सेंट्रल कॅम्पस शहराच्या मध्यभागी आहे, तर अभियांत्रिकी, संगीत आणि वास्तुकला या शाखा ह्यूरन नदीपलीकडच्या नॉर्थ कॅम्पसवर आहेत. या दुसऱ्या परिसराची मूळ आखणी वास्तुविशारद इरो सारिनेन यांनी १९५०च्या दशकात केली. दोहोंमधले अंतर सुमारे तीन किलोमीटर आहे. गणित आणि संख्याशास्त्र हे विषय सेंट्रलकडे राहिल्यामुळे अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याने त्यांतला एक जरी विषय घेतला, तरी त्याला नदी ओलांडावीच लागते. आपल्याकडच्या बहुतेक महाविद्यालयांत तुकडी एका खोलीत बसलेली असते आणि प्राध्यापक येतात-जातात. इथे प्रत्येक तासिकेला विद्यार्थ्यालाच उठावे लागते, आणि ही सवय लागायला वेळ जातो.

त्यात दोन तासिकांमध्ये मिळतात फक्त दहा मिनिटे. पूर्वी इथे ‘मिशिगन टाइम’ नावाची प्रथा होती, म्हणजे दहाची तासिका दहा वाजून दहा मिनिटांनी सुरू होत असे. मे २०१८ पासून तासिका छापील वेळेलाच सुरू होते आणि छापील वेळेच्या दहा मिनिटे आधी संपते. म्हणजे वेळापत्रकात १० ते ११:३० असे लिहिले असेल, तर वर्ग ११:२० ला सुटतो आणि पुढचा बरोबर ११:३० ला सुरू होतो.

आता बसकडे वळतो. तिला तिकीट नाही आणि चढताना ओळखपत्रही दाखवावे लागत नाही. कोणती बस कुठे पोहोचली आहे हे ‘मॅजिक बस’ या विद्यापीठाच्या ऑनलाइन सेवेवर मोबाइलमध्येच दिसते, आणि या एका सोयीसाठी मी या सेवेला मनापासून दाद देतो. सेंट्रल कॅम्पस ट्रान्झिट सेंटर या सेंट्रलच्या मुख्य थांब्यावरून निघालेली बस फुलर रोडने नदी ओलांडून नॉर्थ कॅम्पसवरच्या पियरपॉन्ट कॉमन्स या विद्यार्थी-केंद्राला साधारण दहा ते पंधरा मिनिटांत पोहोचते. परंतु नवखा विद्यार्थी हिशेब करताना तेवढीच मिनिटे धरतो. सेंट्रलवरच्या एंजल हॉल या वर्गांच्या इमारतीतून बाहेर पडून डायॅग हे मधले मोकळे आवार ओलांडत थांब्यापर्यंत येणे, बसची वाट पाहणे आणि उतरल्यावर विभागाच्या इमारतीपर्यंत चालणे हे सगळे मिळवले की अर्धा तास सहज जातो. केमिस्ट्रीची इमारत थांब्याच्या अगदी जवळ आहे, त्यामुळे तिथला वर्ग असेल तर थोडी मिनिटे वाचतात. तरीही दहा मिनिटांत हा प्रवास बसत नाही.

पहिल्या सत्रात मी नेमकी हीच चूक केली. नोंदणी करताना पडद्यावर संख्याशास्त्राचा चौकोन ११:३० ला संपत होता आणि त्याखाली नॉर्थ कॅम्पसवरच्या विषयाचा चौकोन सुरू होत होता; एकही मिनिट वाया जात नाही, याचाच मला आनंद झाला. त्यानंतर दोन आठवडे, दर मंगळवारी आणि गुरुवारी, दुसऱ्या तासिकेची पहिली वीस मिनिटे माझ्या हातून गेली, आणि ज्या गृहीतकांवर पुढचे सगळे गणित उभे असते ती फळ्यावर मांडली जात तेव्हा मी नदीच्या पुलावर असे. विषय बदलण्यासाठी सत्राचे पहिले तीन आठवडे मिळतात, त्या मुदतीत मी संख्याशास्त्राची वेळ बदलून घेतली.

दुसऱ्या सत्रापासून मी दिवस वाटून घेतले: सोमवार-बुधवार नॉर्थचे, मंगळवार-गुरुवार सेंट्रलचे. ज्या दिवशी दोन्हीकडे जाणे टळत नसे, त्या दिवशी मध्ये जेवणाचा तास ठेवत असे. आधी बस पाहावी आणि मग विषयांच्या वेळा निवडाव्यात, हा क्रम मला फार उपयोगी पडला.

वर्ग सुटण्याच्या वेळी बसमध्ये गर्दी असते आणि उभ्याने जावे लागते. प्रवास छोटा असल्यामुळे त्याचे मला काही वाटले नाही. डिसेंबरपासून मात्र बर्फ पडला की थांब्यापर्यंतचे चालणेच लांबते, म्हणून तेव्हा एक बस आधीची धरावी. बर्सली आणि बेट्स या नॉर्थ कॅम्पसवरच्या वसतिगृहांच्या नावाच्या बर्सली-बेट्स मार्गाच्या बसमध्ये पियरपॉन्टला चढताना ती सेंट्रलकडे निघाली आहे की वसतिगृहांकडे, हे जरूर पाहून घ्यावे.

ज्यांचे सर्व विषय नॉर्थ कॅम्पसवरच आहेत त्यांना ही बस घर ते वर्ग एवढ्यापुरतीच लागेल, आणि त्यासाठी ती उत्तम आहे. शहरात किराणा आणायला जाण्यासाठी ‘द राइड’ ही शहराची वेगळी बससेवा आहे. तिच्यात विद्यापीठाचे ओळखपत्र दाखवले की पैसे पडत नाहीत.